अँझॅक कोव्हवर पाणी कोणी वाहिले?

दर वर्षी २४ एप्रिलच्या रात्री तुर्कस्तानातील गॅलिपोली द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधून आलेले तरुण पहाटेची वाट पाहत कुडकुडत बसलेले असतात. समोर एजियन समुद्र, म्हणजे भूमध्य सागराचाच एक फाटा. पाठीशी उभे, झिजलेले कडे. उजाडण्यापूर्वी प्रार्थना होते, बिगुल वाजते, अनेकांचे डोळे पाणावतात. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर एक छोटा, चंद्रकोरीसारखा किनारा आहे. उत्तरेला अरिबुर्नूचे भूशिर, दक्षिणेला हेल स्पिट, मध्ये सुमारे ६०० मीटरची वाळू-गोट्यांची अरुंद पट्टी. जगाला ती ‘अँझॅक कोव्ह’ या नावाने ठाऊक आहे.

या पट्टीची प्रचलित कथा अशी: १९१५ साली दोन कोवळी राष्ट्रे साम्राज्याच्या हाकेला धावून आली, चुकीच्या जागी उतरवली गेली, कड्यांवर चढता चढता मेली, आणि त्या रक्तातून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ‘जन्मले’. तुर्की कथा निराळी, पण साचा तोच. याच कड्यांवर मुस्तफा केमाल नावाचा लेफ्टनंट कर्नल उदयास आला आणि त्याच्या मागोमाग एक प्रजासत्ताक. दोन्ही कथांत हा किनारा म्हणजे राष्ट्राचे प्रसूतिगृह. आणि प्रसूतिगृहात परक्यांना प्रवेश नसतो.

अशा कथा तपासण्याची एक जुनी, खेडवळ पद्धत आहे. शौर्य कोणी गाजवले हे नंतर विचारावे. पाणी कोणी भरले हे आधी विचारावे. अँझॅकच्या कड्यांवर हजारो माणसे एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत तग धरून होती. तेथे गोड्या पाण्याचे झरे जवळपास नव्हते. पाण्याचा मोठा भाग जहाजांतून, दूर इजिप्तहूनही, येई. पडावांवरून किनाऱ्यावर उतरे, टाक्यांत साठे, आणि तेथून पत्र्याच्या डब्यांत भरून डोंगरधारांवर चढे. चढे म्हणजे कोणीतरी चढवी. कोण?

उत्तर आहे: खेचरे, आणि ती हाकणारे भारतीय ‘द्राबी’. ‘ड्रायव्हर’ या शब्दाचा छावणीत झालेला हा अपभ्रंश. बहुतेक द्राबी पंजाब व वायव्य प्रांतातले. गॅलिपोलीवर उतरलेल्या भारतीय म्यूल कोअरबद्दल त्यांच्याच एका अधिकाऱ्याने, मेजर अलेक्झांडर यांनी, १९१७ सालीच ‘ऑन टू फ्रंट्स’ हे पुस्तक लिहिले. म्हणजे माहिती दडलेली नव्हती. शंभर वर्षे ती छापील रूपात पडून होती. वाचण्याची गरज कोणास वाटली नाही.

त्या किनाऱ्याचा पहिला दिवसच पाहावा. २५ एप्रिल १९१५, पहाटे साडेचारच्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या तिसऱ्या ब्रिगेडच्या होड्या वाळूला लागल्या. ठरलेली जागा दक्षिणेला, गाबा तेपेच्या बाजूला होती. हे अंतर कशामुळे पडले, यावर शंभर वर्षे शाई सांडत आहे. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की, समोर सपाट जमिनीऐवजी घळी व धारांचा गुंता आला. अशा जागी मैदानी तोफा निरुपयोगी. हवी होती ती डोंगरी तोफ, जी तुकड्यांत सुटते, खेचरांवर लादता येते आणि वर नेऊन पुन्हा जोडता येते.

असा तोफखाना ऑस्ट्रेलियाकडे नव्हता, न्यूझीलंडकडेही नव्हता. तो भारतीय सैन्याकडे होता, कारण वायव्य सरहद्दीच्या लढायांसाठीच तो घडवलेला होता. २६ वी (जेकब्ज) माउंटन बॅटरी त्याच सकाळी किनाऱ्यावर उतरली आणि मध्यान्हीच्या सुमारास तिच्या तोफा डोंगरावर धडाडू लागल्या. अँझॅकच्या बाजूने जमिनीवरून डागलेल्या पहिल्या तोफा त्या या. संध्याकाळी २१ वी (कोहाट) बॅटरीही आली. या तोफांचे गोलंदाज व खेचरवाले शीख आणि पंजाबी मुसलमान होते. ‘अँझॅकचा पहिला दिवस’ या शब्दांनी ऑस्ट्रेलियन मुलांच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, त्यात फेटे असायला हवेत. ऑस्ट्रेलियाचे अधिकृत इतिहासकार चार्ल्स बीन त्याच दिवशी किनाऱ्यावर उतरले होते आणि त्यांच्या ग्रंथात या बॅटऱ्या आहेतही. ग्रंथातून पाठ्यपुस्तकात, पाठ्यपुस्तकातून भाषणात आणि भाषणातून पहाटेच्या प्रार्थनेत जाता जाता फेटे गळून पडले.

खेचरवाल्यांचे काम तोफेसारखे आवाज करणारे नव्हते. तुर्कांची एक तोफ या किनाऱ्यावर अशा नेमाने गोळे टाकी की शिपायांनी तिला ‘बीची बिल’ असे लाडके नाव दिले होते. दिवसा किनाऱ्यावर हालचाल करणे म्हणजे बिलला आमंत्रण. म्हणून बराचसा माल रात्री वर जाई. अंधारात अरुंद घळीतून, दारूगोळा, बिस्किटांच्या पेट्या आणि पाणी लादलेल्या जनावरांची रांग वर चढे. खेचर बुजले तर माणूस दरीत. ऑगस्टच्या हल्ल्यापूर्वी उत्तरेकडच्या ठाण्यांपर्यंत एक लांब, खोल चर खणण्यात आला, ‘ग्रेट सॅप’. खेचरे जाऊ शकतील इतकी रुंदी त्याला मुद्दाम दिलेली होती. एका लष्कराने जनावरांच्या मापाने खंदक खणावा, यावरूनच ते लष्कर कोणाच्या पाठीवर उभे होते ते कळते.

वॉकर्स रिजच्या पायथ्याशी जेथे ही खेचरे बांधलेली असत, त्या घळीला शिपाई ‘म्यूल गली’ म्हणत. त्या तळावर भारतीयांच्या चुली पेटत. आटा, डाळ, तूप, गूळ असा त्यांचा शिधा असे. डबाबंद मांसाला आणि दात मोडणाऱ्या बिस्किटांना विटलेले ऑस्ट्रेलियन शिपाई चपातीच्या वासावर तेथे येऊन घुटमळत. युद्धात माणसे एकमेकांना जशी ओळखतात तशी ही ओळख होती; पुढे दोघांपैकी एकाच्याच आठवणींचे राष्ट्रीय स्मारक झाले.

अँझॅक दंतकथेतला सर्वांत लाडका माणूस घ्यावा: जॉन सिम्पसन, ‘गाढववाला सिम्पसन’. गाढवावर जखमी लादून तो घळीतून किनाऱ्यापर्यंत आणी. अवघे साडेतीन आठवडे हे काम केल्यावर १९ मे १९१५ रोजी तो मारला गेला. किनाऱ्याच्या दक्षिण टोकावरच्या बीच सिमेटरीत त्याची कबर आहे आणि तिच्यापाशी नेहमी कोणीतरी उभे असते. ऑस्ट्रेलियात त्याचे पुतळे आहेत, शाळकरी पुस्तके आहेत. हा ‘अस्सल ऑस्ट्रेलियन’ मुळात इंग्लंडच्या साउथ शील्ड्सचा, व्यापारी जहाजावरून पळालेला खलाशी, हे हल्ली बहुतेकांना ठाऊक असते. तो राहत कोठे होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. स्वतःच्या पथकापासून दूर, कोहाट बॅटरीच्या भारतीय खेचरवाल्यांच्या तळावर त्याने मुक्काम ठोकला होता, आणि ते त्याला ‘बहादूर’ म्हणत.

येथे नीट थांबायला हवे. घळीतून माल वर आणि माणसे खाली नेणे हेच काम शेकडो द्राबी रोज करत होते. सिम्पसनच्या आधी, त्याच्या सोबत, आणि तो गेल्यानंतर सात महिने. सिम्पसनचे धैर्य यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण शेकडोंच्या रोजच्या कामातून एकाच गोऱ्या माणसाचे काम उचलून त्याचे महाकाव्य करायचे आणि ज्यांनी त्याला ‘बहादूर’ म्हटले त्यांना त्याच चित्राच्या चौकटीबाहेर ठेवायचे, ही स्मृतीची साधी चूक म्हणून सोडून देता येत नाही. ही निवड आहे.

किनाऱ्याबाहेरही भारतीय होतेच. २९ वी भारतीय ब्रिगेड द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला, हेलेसला उतरली. तिच्या मूळ चार पलटणींपैकी ६९ व ८९ पंजाबी या दोन पलटणींत पंजाबी मुसलमानांच्या कंपन्या होत्या. खलिफाच्या सैन्याशी ते लढतील की नाही या भीतीने दोन्ही पलटणी मे महिन्यात फ्रान्सला पाठवून त्यांच्या जागी गुरखे आणले गेले. गंमत अशी की डोंगरी तोफखान्यातले मुसलमान गोलंदाज तेथेच राहिले, आणि शेवटपर्यंत तोफा चालवत राहिले, कारण त्यांच्याखेरीज चालणार नव्हते. साम्राज्याचा संशय कोठे थांबतो, तर गरज लागते तेथे. ४ जून रोजी क्रिथियाच्या लढाईत १४ व्या शीख पलटणीची काही तासांत धूळधाण झाली. मैदानात उतरलेल्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा धड परतला. ९ ऑगस्ट रोजी मेजर ॲलन्सन यांच्या नेतृत्वाखाली सहाव्या गुरख्यांची पहिली पलटण सारी बाइरच्या माथ्यावर पोहोचली. तेथून तिला डार्डनेल्सची सामुद्रधुनी दिसली. ज्या पाण्यासाठी ही सगळी मोहीम होती, ते पाणी! मग तोफगोळे आले, आणि ते स्वपक्षाचेच असावेत असे ॲलन्सन मरेपर्यंत मानत राहिले. माथा सुटला.

ऑस्ट्रेलियन इतिहासकार पीटर स्टॅनली यांनी २०१५ साली गॅलिपोलीतील भारतीयांवर पहिले सविस्तर पुस्तक लिहिले. त्यांच्या हिशेबाने सुमारे १६ हजार भारतीय या मोहिमेत होते आणि सुमारे १,६०० मेले. त्याआधी हा आकडा फारच कमी धरला जाई. शतकभर सर्वाधिक बोलल्या गेलेल्या एका मोहिमेत माणसांची मोजणीच अपुरी होती, हे लक्षात घ्यावे. एक आकडा आणखी सांगायला हवा. ऑस्ट्रेलियाचे मृत आठ हजारांहून अधिक. फ्रेंचांचे जवळपास दहा हजार, ज्यांत सेनेगलसारख्या वसाहतींतून आणलेले आफ्रिकन शिपाईही होते. ब्रिटनचे २० हजारांहून अधिक. आणि उस्मानी सैन्याचे ८६ हजारांवर. मृत्यूच्या मापाने ही मोहीम ऑस्ट्रेलियाची नव्हतीच. मृतांची स्पर्धा लावणे ओंगळ आहे हे खरे. पण ती स्पर्धा आधी ज्यांनी लावली, त्यांनीच आकडे पाहायला हवेत.

‘नावे तर कोरली आहेत ना?’ हा नेहमीचा प्रतिप्रश्न. होय, आहेत. शोध न लागलेल्या भारतीय मृतांची नावे हेलेस स्मारकावर, २० हजारांहून अधिक नावांच्या गर्दीत. पण हे स्मारक द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला आहे, पहाटेच्या प्रार्थनेला आलेल्यांच्या वाटेपासून दूर. ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडर मृतांची स्मारके त्याच कड्यांवर, जेथे ते पडले तेथे. आणि हे केवळ गॅलिपोलीचे रडगाणे नव्हे. २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्याच चौकशी समितीने मान्य केले की पहिल्या महायुद्धातील किमान ४५ ते ५४ हजार मृतांचे, प्रामुख्याने भारतीय, आफ्रिकी व इजिप्शियन लोकांचे, स्मरण इतरांच्या बरोबरीने केले गेले नाही. आणि किमान १ लाख १६ हजार जणांची नावे कदाचित कोठेच लागली नाहीत. कमिशनने व ब्रिटिश सरकारने क्षमा मागितली. या यादीत हमाल, खेचरवाले, मजूर यांचा भरणा असणे स्वाभाविक होते. सैन्याच्या उतरंडीत त्यांची जागा तळाशी होती आणि दगडावरची जागाही त्याच क्रमाने वाटली गेली.

आता एक पुणेरी योगायोग. या किनाऱ्याला ‘अँझॅक कोव्ह’ हे नाव असावे असे सुचवणारे सेनापती विल्यम बर्डवुड हे ऑस्ट्रेलियन नव्हते, न्यूझीलंडरही नव्हते. त्यांचा जन्म १३ सप्टेंबर १८६५ रोजी पुण्याजवळच्या खडकीत झाला. हयात भारतीय सैन्यात गेली. पुढे १९२५ ते १९३० ते हिंदुस्थानचे सरसेनापती होते. तोफांच्या माऱ्याखाली रोज त्या किनाऱ्यावर पोहणारे सेनापती म्हणून अँझॅक आख्यानात त्यांचे मोठे कौतुक आहे, आणि लॉर्ड झाल्यावर त्यांनी किताबातही ‘अँझॅक’ हा शब्द घेतला. खडकीत जन्मलेल्या, भारतीय लष्करात वाढलेल्या माणसाने किनाऱ्याचे बारसे केले, आणि त्या नावात त्याच्या स्वतःच्या सैन्याला जागा ठेवली नाही! ऑस्ट्रेलियन अँड न्यूझीलंड आर्मी कोअर या पाच शब्दांच्या आद्याक्षरांत भारत बसत नाही, एवढे निमित्त शंभर वर्षे पुरले.

नावाची पुढची पायरी १९८५ ची. त्या वर्षी तुर्की सरकारने ‘अंझाक कोयू’ हे नाव अधिकृत केले. मोबदल्यात ऑस्ट्रेलियाने कॅनबेऱ्यात आतातुर्कचे स्मारक उभारले आणि ऑल्बनी बंदराच्या तोंडाला त्याचे नाव दिले. किनाऱ्याशेजारी एक मोठी शिळा उभी राहिली. तिच्यावर आतातुर्कच्या नावे एक हृद्य मजकूर होता, की जॉनी आणि मेहमेत यांच्यात फरक नाही, तुमची मुले आता आमचीही मुले झाली. हा मजकूर मराठी समाजमाध्यमांवरही दर एप्रिलमध्ये ‘शत्रूला माता-पित्याची माया देणारा थोर नेता’ अशा मथळ्याखाली फिरतो.

हा मजकूर आतातुर्कने कधी लिहिला वा उच्चारला याचा समकालीन पुरावा कोणी दाखवलेला नाही. तो १९३४ साली गृहमंत्री शुक्रू काया यांनी वाचून दाखवला असे म्हणतात. पण तो छापून आला १९५३ साली, कायांच्या मुलाखतीत, म्हणजे आतातुर्कच्या मृत्यूनंतर १५ वर्षांनी. आणि सर्वांत लोकप्रिय असलेले ‘जॉनी-मेहमेत’चे वाक्य त्या मुलाखतीतही नाही. ते उगवले १९७८ च्या सुमारास, ब्रिस्बेनमधल्या एका स्मारक-कारंज्यासाठी चाललेल्या पत्रव्यवहारात. तुर्की व ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हे २०१५ च्या सुमारास उघड केले. भाव उदात्त आहे म्हणून पुरावा माफ, ही सवलत शिवकालीन बखरींना न देणारे चोखंदळ वाचकही येथे विरघळतात. शिवाय ‘जॉनी’ हा शब्दही मजेशीर आहे. ब्रिटिश शिपायांच्या बोलीत ‘जॉनी’ म्हणजे परका: ‘जॉनी टर्क’, ‘जॉनी गुरखा’. शिळेवर तो अचानक गोरा झाला.

त्या मैत्रीच्या भाषेला आणखी एक किंमत आहे. अँझॅक उतरण्याच्या आदल्या रात्री, २४ एप्रिल १९१५ रोजी, इस्तंबूलमध्ये आर्मेनियन विचारवंतांची व पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली. आर्मेनियन जगभर तो दिवस आपल्या संहाराचा दिवस म्हणून पाळतात. २०१५ साली, दोन्ही घटनांच्या शताब्दीला, तुर्की सरकारने गॅलिपोलीचा आंतरराष्ट्रीय सोहळा नेमका २४ एप्रिललाच ठेवला. पाहुणे आले, हस्तांदोलने झाली. किनाऱ्यावरच्या त्या मायाळू शिळेखाली आणखी काय काय झाकले जाते, याची ही एक खूण.

तुर्की कथेतही गाळण काही कमी नाही. उस्मानी पाचव्या सैन्याचे सेनापती लिमान फॉन झांडर्स हे जर्मन होते. मुस्तफा केमालच्या १९ व्या डिव्हिजनमधल्या तीनपैकी दोन रेजिमेंटांत, ७२ आणि ७७ मध्ये, अरबांचा मोठा भरणा होता. आज गौरव होतो तो तिसऱ्या, ५७ व्या रेजिमेंटचा. तिच्या नावे १९९२ साली प्रतीकात्मक दफनभूमीही उभारली गेली. अरबांबद्दल तुर्की आख्यानात फारच थोडे आणि तेही बहुधा कुरकुरीच्या सुरात येते. साम्राज्ये अनेकांच्या खांद्यांवर लढतात आणि राष्ट्रे नंतर एकाच खांद्याची आठवण ठेवतात, हा खाक्या दोन्ही खंदकांत सारखाच.

आणि तिसरा खंदक? तो घरचा. गॅलिपोलीतील भारतीयांचा विषय निघाला की येथे दोन टोळ्या लगेच सज्ज होतात. पहिली म्हणते, ती भाडोत्री माणसे होती, महिना ११ रुपयांसाठी साम्राज्याकरिता मेली, त्यांची आठवण कशाला? दुसरी म्हणते, भारतीयांनीच गॅलिपोली गाजवली, इंग्रजांनी इतिहास दडपला, पुढे पाठवा! पहिल्या टोळीने एवढे ध्यानात घ्यावे की इतिहास हे चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे. पगारासाठी गेलेला माणूस मेल्यावर मोजायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि ११ रुपयांचा हिशेब काढायचा तर तो देणाऱ्याचा काढावा. दुसऱ्या टोळीला आठवण द्यावी की मोहीम फसली. गाजवण्यासारखे काही उरले नव्हते. शिवाय ते द्राबी, ते शीख, ते गुरखे दुसऱ्याच्या भूमीवर चाल करून गेलेल्या सैन्याचा भाग होते. गावकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर तेही आक्रमकच.

मराठी वाचकांत एक तिसरा मोहही डोके वर काढतो: कोठेतरी मराठा पलटण घुसवण्याचा. गॅलिपोलीत मराठा पलटण लढली नाही. मराठे उस्मानी सैन्याशी लढले ते मेसोपोटेमियात. १०३, ११० आणि ११७ या पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजीच्या शरणागतीनंतर त्यांतले कित्येक कैदेतून परतले नाहीत. साताऱ्यापासून कोकणापर्यंतच्या गावांत ‘या गावातून इतके गेले, इतके मेले’ अशा संगमरवरी पाट्या आहेत, ग्रामपंचायतीच्या चुन्याखाली अर्ध्या बुजलेल्या. गॅलिपोलीत नसलेला मराठा शोधण्यापेक्षा त्या पाट्यांवरचा चुना खरवडणे अधिक उपयोगाचे.

किनाऱ्याचे स्वतःचे काय झाले, तेही पाहावे. यात्रेकरू वाढले, १९८१ च्या ‘गॅलिपोली’ चित्रपटानंतर आणि १९९० च्या ७५ व्या स्मरणदिनानंतर तर ओघच लागला. गर्दी मावेना म्हणून २००० साली पहाटेचा विधी अरिबुर्नूच्या दफनभूमीतून शेजारच्या नॉर्थ बीचवर हलवला गेला. मग बस उभ्या करण्याची अडचण. २००५ च्या आरंभी किनाऱ्यावरचा रस्ता रुंद करण्यात आला. ऑस्ट्रेलियानेच सोयीसाठी विनवणी केली होती. काम तुर्कांनी केले. खोदकामात हाडे वर आल्याच्या बातम्या आल्या, ऑस्ट्रेलियन सिनेटची चौकशी बसली, दोन्ही सरकारांनी एकमेकांकडे बोट दाखवले. रस्त्याने डोंगराचा पायथा कापला, समुद्राने वाळू खाल्ली, आणि जेथे १९१५ साली पाण्याच्या टाक्या, पेट्यांचे ढीग, जखमी माणसे आणि खेचरांच्या रांगा एकाच वेळी मावत होत्या, तेथे आज बऱ्याच ठिकाणी धड चालण्यापुरतीही पट्टी उरलेली नाही. स्मरण करायला येणाऱ्यांसाठी स्मरणाची जागाच कापली गेली. त्या हाडांवर कोणत्याही देशाचे नाव लिहिलेले नव्हते.

म्हणून त्या किनाऱ्याला भेट देणाऱ्या इतिहासप्रेमी तरुणाने मार्ग थोडा बदलावा. सिम्पसनच्या कबरीपाशी थांबल्यावर उत्तरेकडे चालत वॉकर्स रिजच्या पायथ्यापर्यंत जावे आणि जुन्या नकाशावर ‘म्यूल गली’ शोधावी. दुपारचा वेळ काढून हेलेसला जावे आणि स्मारकाच्या भिंतीवर १४ व्या शिखांची, गुरख्यांची, डोंगरी बॅटऱ्यांची आणि खेचर पथकांची नावे वाचावीत. एका वाऱ्याच्या, निर्जन टेकाडावर ती उभी आहेत. ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकाकडे, तुर्कस्तानच्या उद्यान प्रशासनाकडे आणि भारताच्या परराष्ट्र खात्याकडे मागणी एकच असावी, आणि ती पुतळ्याची नव्हे: किनाऱ्यावर, म्यूल गलीच्या तोंडाशी, एक साधी माहितीफलक. त्यावर दोन बॅटऱ्यांचे क्रमांक, त्या उतरल्याची तारीख, खेचर पथकाचे नाव आणि हेलेसवर कोरलेल्या नावांपर्यंत पोहोचण्याची वाट.

अँझॅकची शेवटची तुकडी २० डिसेंबर १९१५ च्या पहाटे निघून गेली. मागे कोणी नाही हे तुर्कांना कळू नये म्हणून खंदकांत बंदुका बांधून ठेवल्या होत्या. वरच्या डब्यातून थेंब थेंब पाणी खालच्या डब्यात ठिबके, वजन भरले की चाप ओढला जाई आणि गोळी सुटे. ऑस्ट्रेलियात ही युक्ती शाळेत शिकवतात, तिचा जनक विल्यम स्कर्री याच्या नावासकट. त्या पहाटे मोकळ्या खंदकांतून गोळ्या सुटत राहिल्या, आणि आठ महिने ज्या वाटांनी पाणी वर चढले होते त्यांवर कोणीही नव्हते.